नीरेकाठचं मीठ

माहुलीला किंवा गोरखगडला भर पावसात गेला असाल, तर शहापूर-मुरबाडच्या खाचरांतून पाणी कसं धावत असतं ते पाहिलंच असेल. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उताराची जमीन. खडक झिजून मातीत जे क्षार येतात ते हा पाऊस धुऊन खाडीकडे पाठवतो. इथला भातशेतकरी शंभर गोष्टींनी गांजलेला आहे (धरणं त्याच्या अंगणात आणि नळ मुंबईत! पण तो विषय पुन्हा कधीतरी), फक्त मातीत मीठ साचायची चिंता त्याला फारशी नाही.

आता घाट चढून बारामतीकडे जा. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने नीरा डावा कालवा काढला, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आलं. हेतू हा की दुष्काळात ज्वारी वाचावी. पण पाऊस बरा झाला तर ज्वारीला विकतचं पाणी कोण घेणार? मग सासवडचे माळी आले, ऊस आला, आणि कालव्याला गिऱ्हाईक मिळालं. पट्टी मात्र एकरावर, पाण्याच्या मापावर नाही. म्हणजे आपला 'अनलिमिटेड प्लॅन'च की! एकदा पैसे भरले की सोडा पाटाला.

काळ्या भारी मातीत पाणी लवकर निचरत नाही. भूजल वर येतं, उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. साधा हिशोब करा. एक हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरले तर ३ टन! आणि उसाला पाणी याहून जास्तच दिलं जातं. त्या क्षारांत सोडियम वाढला की माती चोपण होते: ओली असताना चिखल, वाळली की दगड.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही हो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. त्याआधी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली होती, तीत ऊस दरवर्षी त्याच तुकड्यात नाही, फेरपालटाने. १९१६ मध्ये सिंचनाचा अभ्यास करायला सरकारने खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्याचंच वाढलेलं रूप. म्हणजे रोगनिदान शंभर वर्षांपूर्वीच झालं होतं. तरी कृष्णाकाठी, शिरोळ-वाळव्यात, पुन्हा तेच घडलं. मला वाटतं याचं कारण अज्ञान नाही. ऊस आज पैसे देतो आणि मीठ बिल पाठवतं वीस वर्षांनी.

जमीन परत आणता येते. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी बाहेर काढायचं, गरजेप्रमाणे जिप्सम, मग धैंचा. शिरोळच्या दत्त कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून हे काम केलं आहे. एकट्यादुकट्याला ते झेपत नाही. खर्च आहेच, शिवाय तुमच्या शेतातलं खारं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या सगळ्यांच्या बांधाखालून पाइप जायला हवा, आणि त्यातला एक जरी नाही म्हणाला तरी काम तिथेच थांबतं.