अर्धवेळ शिक्षण : खर्चाचा भार आणि विद्यार्थ्यांची गळती

नोकरी, शेती अथवा व्यवसाय सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आपल्याकडे दूरशिक्षण हाच मुख्य मार्ग आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये ही सोय केली. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे रेल्वेमार्गावर नसलेल्या देवगडसारख्या ठिकाणच्या तरुणांनाही पदवीचे दार खुले झाले. मात्र प्रवेश घेणे वेगळे आणि अखेरपर्यंत टिकणे वेगळे.

दिसणारा व न दिसणारा खर्च

मुक्त विद्यापीठाचे शुल्क नियमित महाविद्यालयाच्या मानाने सहसा माफक वाटते. परंतु प्रवेश शुल्क ही केवळ सुरुवात असते. पुढील वर्षाची पुनर्नोंदणी, परीक्षा शुल्क, संपर्क सत्रांसाठी एसटीचे भाडे हे खर्च मागाहून येतात. रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक पेपर म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरीही असते. बीन आणि मेट्झनर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये मांडल्याप्रमाणे, अशा विद्यार्थ्यांच्या गळतीमागे महाविद्यालयातील वातावरणापेक्षा पैसा, कामाचे तास व कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचा प्रभाव अधिक असतो.

उत्पन्नाचा हंगाम, शुल्काचा हंगाम

देवगडमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण येथील उत्पन्न हंगामी आहे. हापूसचा पैसा प्रामुख्याने एप्रिल-मेमध्ये हाती येतो. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. जूनमध्ये भाताची पेरणी असते, तर डिसेंबरमध्ये आंब्याच्या मोहोरावरील फवारणी. त्यातच एखादे वादळ आले, तर वर्षाचे गणितच कोलमडते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने बागायतदारांना हाच अनुभव दिला. अशा वेळी घरखर्चातून सर्वप्रथम वगळला जातो तो मोठ्यांच्या शिक्षणाचा खर्च.

इंग्लंडचा धडा

इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये विद्यापीठांची शुल्कमर्यादा मोठ्या प्रमाणात वाढविण्यात आली. अर्धवेळ विद्यार्थ्यांना कर्जाची सोय देऊनही २०१० ते २०१५ या काळात त्यांचे नवे प्रवेश जवळपास निम्म्यावर आले. कुटुंबाचा भार वाहणारा प्रौढ विद्यार्थी कर्ज काढण्यास सहसा धजावत नाही, हे त्यातून दिसले.

काय करता येईल?

प्रवेश घेण्यापूर्वी संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च, प्रवास व बुडणारी मजुरी धरून, लिहून काढावा. आंब्याचा पैसा आला की वर्षभराच्या शुल्काची रक्कम बाजूला ठेवावी. शिष्यवृत्ती व शुल्कसवलतीची चौकशी अभ्यासकेंद्रात आधीच करावी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी पूर्ण करण्यास सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. त्यामुळे एखादी परीक्षा हुकली म्हणून शिक्षण सोडून देण्याचे कारण नाही. विद्यापीठांनीही शुल्काचे हप्ते स्थानिक हंगामाशी जुळवून घेतले, तर पैशाअभावी होणारी गळती बऱ्याच अंशी टळू शकेल.