ट्रान्सॲक्सल : मध्य-इंजिन किटकारसाठी निवड

गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल हे तिन्ही भाग एकाच ओतीव कवचात बसवलेली यंत्रणा म्हणजे ट्रान्सॲक्सल. ज्या मोटारीत इंजिन चालकाच्या पाठीशी पण मागच्या आसाच्या पुढे असते, तिथे लांब प्रॉपेलर शाफ्टला जागाच उरत नाही. इंजिनाची ताकद हातभर अंतरात चाकांपर्यंत पोचवावी लागते आणि ते काम ट्रान्सॲक्सल करते. घरच्या गॅरेजमध्ये संचातून मोटार उभारणाऱ्याला सांगाडा, फायबरची बॉडी आणि इंजिन त्यामानाने सहज मिळते. खर्च आणि वेळापत्रक दोन्ही बहुधा ट्रान्सॲक्सलपाशी अडतात. म्हणून अनुभवी बांधणारे आधी ट्रान्सॲक्सल ठरवतात आणि मग त्याला झेपेल असे इंजिन शोधतात. हाच क्रम योग्य आहे.

या शोधाचा सर्वांत परिचित इतिहास फोर्ड जीटी40 या शर्यतीच्या मोटारीशी जोडलेला आहे. 1964 च्या पहिल्या गाड्यांत इटलीच्या कोलोत्तीचा चार गिअरांचा ट्रान्सॲक्सल होता. तो व्ही8 इंजिनापुढे टिकेना, म्हणून जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा पाच गिअरांचा 5डीएस-25 आला. सात लिटरच्या मार्क 2 साठी तर फोर्डने टी-44 हा स्वतःचा चार गिअरांचा ट्रान्सॲक्सल वापरला. झेडएफचा तोच जोड पुढे दे तोमासो पांतेरा, मासेराती बोरा आणि बीएमडब्ल्यू एम1 यांनी घेतला. आज तो दुर्मिळ आणि अतिशय महाग आहे. जीटी40 च्या प्रतिकृती बांधणाऱ्या ब्रिटनमधील मंडळींना त्यामुळे साध्या प्रवासी मोटारींकडे वळावे लागले.

फिरण्याची दिशा : भावाच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे मूळ गाडीत इंजिन आसाच्या कोणत्या बाजूला होते. पुढची चाके ओढणाऱ्या काही गाड्यांत इंजिन आसाच्या पुढे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, असते आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. रेनॉ 25, ऑडी 100 आणि सुबारू या अशा गाड्या. त्यांचा इंजिन-गिअरबॉक्सचा जोड जसाच्या तसा उचलून मागच्या आसावर ठेवला, की इंजिन आपोआप आसाच्या पुढे येते आणि चाके योग्य दिशेने फिरतात. फोक्सवॅगन बीटल, पोर्श 911 आणि डीलोरियन यांत मात्र इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. तिथला ट्रान्सॲक्सल मध्य-इंजिनासाठी वापरायचा तर टोकाला टोक फिरवून बसवावा लागतो. मग फिरण्याची दिशा उलटते आणि चार गिअरांच्या गाडीला चार रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर मिळतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे क्राउन व्हील काढून पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवणे. बीटलमध्ये हे नित्याचे काम आहे. लोटसने 1966 च्या युरोपा गाडीसाठी रेनॉ 16 चा ट्रान्सॲक्सल घेतला, तेव्हा हेच केले. रेनॉ 16 मध्ये इंजिन पुढच्या आसाच्या मागे होते. सुबारूसारख्या गिअरबॉक्समध्ये पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यातून जात नाही, किंचित खाली-वर असते. तिथे क्राउन नुसता पलटून चालत नाही, उलट पिळाच्या दात्यांचा नवा संच लागतो. सुदैवाने सुबारूला मध्य-इंजिनात याची गरजच पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्स उलथा बसवणे. याने क्रँकशाफ्टच्या तुलनेत आसाची उंचीही बदलते, आणि इंजिन खाली बसवायचे असेल तर त्याचा फायदा होतो. मात्र तेल भरण्याचे तोंड, हवेची नळी आणि तेलाची पातळी या गोष्टी नव्याने कराव्या लागतात. क्राउन पलटण्याऐवजी उलट फिरणारे इंजिनही चालते. शेव्हरोले कोर्व्हेअरचे इंजिन बहुतेकांच्या विरुद्ध दिशेने फिरते, म्हणून तिच्या ट्रान्सॲक्सलचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो.

झेपणारी ताकद : बीटलचा ट्रान्सॲक्सल जगभर मिळतो आणि हलका आहे, पण त्याची मूळ नेमणूक 50 अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनासाठी होती. हलक्या दोन-आसनी गाडीला तो पुरतो. व्ही8 ला नाही. रेनॉचा यूएन1 हा मधला मार्ग ठरला. रेनॉ 25, अल्पिन जीटीए आणि 1987 नंतरची लोटस एस्प्री या सर्वांत तो होता. एस्प्री टर्बो एसईमध्ये त्याने 264 अश्वशक्ती पेलली. 1996 मध्ये एस्प्रीला व्ही8 मिळाले, तेव्हा इंजिनात याहून बरीच ताकद असूनही गिअरबॉक्स टिकावा म्हणून ते 350 अश्वशक्तीवर आवरण्यात आले. यूएन1 ची मर्यादा याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. यूएन1 घेताना तो रेनॉ 25 चा आहे की अल्पिन जीटीएचा, हे विचारलेच पाहिजे; दोघांचे क्राउन विरुद्ध बाजूंना असतात.

ऑडीचे 016 आणि 012 हे गिअरबॉक्स सध्याच्या किमतीत फार चांगले पर्याय आहेत. पोर्शने पहिल्या बॉक्स्टरचा पाच गिअरांचा जोड याच 012 कुळातून घेतला. सुबारूचा चारही चाके चालवणारा गिअरबॉक्स मधला डिफरन्शियल कुलूपबंद करून आणि मागे जाणारा शाफ्ट काढून दोन चाकांचा करता येतो. अमेरिकेतील फॅक्टरी फाइव्हच्या 818 या किटकारचा आधार सुबारूचाच जोड आहे. नावातला आकडा म्हणजे गाडीच्या वजनाचे लक्ष्य, 818 किलो. पोर्शचा जी50 मजबूत आहे, पण त्याला स्वस्त म्हणता येणार नाही. ताकद मोजताना अश्वशक्तीपेक्षा टॉर्क पाहावा, आणि गाडीचे वजन व टायरची पकडही. हलक्या गाडीचे टायर आधी घसरतात आणि दाते वाचतात. रुंद, चिकट टायर लावले की तोच गिअरबॉक्स अपुरा पडतो.

गुणोत्तरे : समजा पाचवा गिअर 0.8, अंतिम गुणोत्तर 3.9 आणि टायरचा घेर 2 मीटर आहे. इंजिनाच्या मिनिटाला 6,000 फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे 230 किमी धावेल. पहिला गिअर 3.4 असेल तर तो 54 किमीलाच संपेल. छोट्या इंजिनासाठी आखलेला असा पहिला गिअर मोठ्या व्ही8 ला निरुपयोगी ठरतो आणि सर्वाधिक ताणही त्याच्याच दात्यांवर येतो.

आडवे इंजिन : पैसे खरोखरच मोजके असतील तर आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेल्या, इंजिनाचा मार्ग निवडावा. फियाट एक्स1/9 (1972) ने फियाट 128 चा पुढचा संपूर्ण जोड मागे नेला. 1984 ची पॉन्टियॅक फिएरो आणि टोयोटाची एमआर2, तसेच 1996 ची लोटस एलिस यांची मांडणीही हीच. एका अपघातग्रस्त गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट, क्लच आणि वायरिंग सगळे एकदम मिळते. गिअर केबलने बदलत असतील तर लांब केबल लावून काम भागते. पुढची हब मागे वापरताना स्टिअरिंगचे हात सांगाड्याला पक्के बांधणे अत्यावश्यक आहे. तिथे ढिलाई राहिली तर खड्ड्यावर मागची चाके स्वतःच वळतात. मोठे व्ही8 मात्र या मांडणीत रुंदीला सहसा बसत नाही.

लपलेला खर्च : भंगारातून उचललेल्या गिअरबॉक्सच्या किमतीत अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच, नव्या मापाचे हाफ शाफ्ट आणि गिअर लिव्हरची जोडणी मिळवल्याशिवाय तुलना करू नये. मागच्या टोकाकडून निघणारा सिलेक्टर पुढे चालकापर्यंत आणणे हे कित्येकदा सर्वांत किचकट काम ठरते. विकत घेण्यापूर्वी तेल काढून पाहावे: बारीक राखाडी कीट स्वाभाविक आहे, पण चकचकीत तुकडे दिसले तर तो नाकारावा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा आणि कवचाला वेल्डिंग झालेले नाही ना, हे तपासावे.

भारतातील स्थिती : दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनची 2012 मध्ये सादर झालेली अवंती ही मध्य-इंजिन मोटार होती. तिच्यात रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आडवे बसवलेले होते. पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब ही उभ्या इंजिनाची, पुढची चाके ओढणारी गाडी भारतात विकली गेली. तिचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला तर तो दिशेच्या दृष्टीने योग्य आहे. रस्त्यावरच्या नोंदणीचा प्रश्न वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केला. जुन्या गाडीचा आधार घेऊन उभारलेली मोटार त्यामुळे इथे खासगी आवारात किंवा शर्यतीच्या ट्रॅकवरच चालवावी लागते.