चक बेरीचा हिशेब

'बॅक टू द फ्यूचर' हा १९८५ सालचा हॉलिवूडचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर का होईना पाहिला असेल. एक गोरा पोरगा कालयंत्रातून १९५५ मध्ये जातो. शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात तो गिटार हातात घेऊन 'जॉनी बी. गूड' वाजवायला लागतो. मार्व्हिन बेरी नावाचा काळा वादक धावत जाऊन फोन लावतो आणि आपल्या चक नावाच्या चुलतभावाला तो नवा आवाज ऐकवतो. थिएटरात हशा पिकतो.

कोणी म्हणेल, तो पोरगा हे गाणे चक बेरीच्याच रेकॉर्डवरून शिकला असणार, मग अडचण काय? अडचण एवढीच की पडद्यावर शिकवणारा गोरा आहे आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कान लावून बसलेला काळा आहे. इतिहास उलटा करायला जाडजूड ग्रंथ लागत नाही, तीन मिनिटांचा विनोद पुरतो.

म्हणून खरा १९५५ पाहू.

चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरी १८ ऑक्टोबर १९२६ रोजी सेंट लुईस शहरात जन्मला. 'द व्हिल' नावाची ती काळ्या लोकांची वस्ती. बाप बांधकामाची कामे घेणारा आणि बाप्टिस्ट चर्चचा कार्यकर्ता, आई शाळेत. म्हणजे घर अगदीच उघड्यावरचे नव्हते. पण घर कुठे घ्यायचे हे काळ्या माणसाच्या हातात नव्हते. काळ्यांना घर विकणार नाही अशा अटी खरेदीखतातच लिहिलेल्या असत. न्यायालयांनी त्या अटी अमलात आणू नयेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा शेली विरुद्ध क्रेमर निकाल याच सेंट लुईसमधल्या एका घरावरून झाला. लहानपणी चक शहरातल्या झगमगीत फॉक्स थिएटरात सिनेमा पाहायला गेला, तर काळा म्हणून त्याला तिकीट नाकारले गेले. हे थिएटर लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

शाळेत असतानाच मित्रांबरोबर दरोडा घातला म्हणून १९४४ मध्ये त्याला सुधारगृहात जावे लागले. २१ व्या वाढदिवशी सुटला. लग्न केले, मोटारीच्या कारखान्यात राबला, झाडलोटीचे काम केले, केशरचनेचा धंदा शिकला. १९५२ च्या शेवटच्या रात्री पियानोवादक जॉनी जॉन्सनचा एक साथीदार आजारी पडला आणि त्याच्या जागी गिटार घेऊन चक उभा राहिला. बँड जॉन्सनचा होता. हेही लक्षात ठेवा.

आता महायुद्धानंतरची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. कारखाने जोरात, मोटारी स्वस्त, घरोघरी रेडिओ आणि खिशात पैसे खुळखुळणारी शाळकरी मुले. ही मुले म्हणजे नवी बाजारपेठ. बिलबोर्ड साप्ताहिक काळ्यांच्या गाण्यांची क्रमवारी १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली वेगळी छापत होते. मग नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. पाटी बदलली, पण यादी वेगळीच राहिली. शाळा, बस, हॉटेल वेगळे ठेवता येत होते. रात्री रेडिओचे बटण कोणत्या स्टेशनवर फिरवायचे यावर मात्र पहारा बसवता येत नव्हता. गोऱ्यांची पोरे काळ्यांची गाणी ऐकू लागली, आणि बेरीने हे सगळ्यांच्या आधी हेरले. त्याने शाळा, मोटार, पहिले प्रेम, आईबापांची कटकट यांवर गाणी रचली आणि प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट उच्चारला.

मे १९५५ मध्ये तो शिकागोला गेला. मडी वॉटर्सने त्याला चेस रेकॉर्ड्सच्या लिओनार्ड चेसकडे धाडले. 'आयडा रेड' या गोऱ्या खेडवळांच्या जुन्या गाण्यावरून त्याने बांधलेले गाणे 'मेबेलीन' या नावाने ध्वनिमुद्रित झाले. काळ्यांच्या यादीत ते पहिले आले आणि सर्वसाधारण यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. ज्या ऑगस्टमध्ये हे गाणे देशभर वाजत होते, त्याच ऑगस्टच्या २८ तारखेला मिसिसिपीत एमेट टिल या शिकागोच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला एका गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून ठार मारण्यात आले. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये हे गाणे गाणारा माणूस काळा आहे हे पाहून आयोजकाने बेरीला आत घेतलेच नाही. आवाज हवा होता, माणूस नको होता.

मित्रांनो, अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा म्हटला की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर आठवतात. मोर्चा दिसतो, पोलिसांचे कुत्रे दिसतात. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला कागद मात्र कोणी वाचत नाही. खरी लूट तिथे बारीक अक्षरात छापलेली असते.

रॉयल्टीचा हिशेब हाती आला तेव्हा बेरीला कळले की 'मेबेलीन'चे रचनाकार तीन आहेत. एक तो. दुसरा ॲलन फ्रीड, न्यूयॉर्कचा बडा रेडिओ निवेदक. तिसरा रस फ्रॅटो, चेस बंधूंशी देण्याघेण्याचे संबंध असलेला एक छपाई-स्टेशनरीवाला. या दोघांनी गाण्याचा एक शब्दही लिहिलेला नव्हता. अमेरिकेत गाणे रेडिओवर वाजले की गायकाला काही मिळत नाही, पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात. म्हणजे कागदावर नाव घुसवणे हा कौतुकाचा मामला नव्हता, तो जमिनीच्या उताऱ्यावर भलत्याचे नाव चढवण्याचा प्रकार होता. फ्रीडने गाणे वाजवायचे आणि वाजवण्याचा मोबदला गाण्याच्या मालकीतूनच घ्यायचा. पुढे १९६२ मध्ये लाचखोरीच्या दुसऱ्या प्रकरणात फ्रीडने गुन्हा कबूल केला, ३०० डॉलर दंड झाला. 'मेबेलीन'ची पूर्ण मालकी बेरीकडे परत यायला १९८६ साल उजाडले.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. 'गोऱ्यांनी काळ्यांचे संगीत चोरले' ही घोषणा सोपी आहे, पण पुरेशी नाही. बेरीनेही गोऱ्यांच्या गाण्यावरून 'मेबेलीन' केले. 'जॉनी बी. गूड'च्या सुरुवातीची जगप्रसिद्ध गिटार लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका रेकॉर्डवरील कार्ल होगनच्या वादनातून आली, आणि होगनचे ऋण बेरी मान्य करत असे. संगीत असेच हातोहाती फिरते आणि फिरावे. शुद्धतेचा आग्रह आपण धरायचा नाही, तो दुसऱ्यांचा धंदा आहे. घेणे हा गुन्हा नाही. घेतल्यावर नाव पुसणे आणि पैसे अडवणे हा गुन्हा. १९६३ मध्ये बीच बॉइजनी बेरीच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'च्या चालीवर 'सर्फिन यूएसए' गाजवले. सुरुवातीला श्रेय एकट्या ब्रायन विल्सनचे होते, बेरीचे नाव नंतर आले. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचे पहिले रेकॉर्डही बेरीच्याच गाण्याचे निघाले.

आणि १९६३ चा बहुतेक काळ बेरी तुरुंगात होता.

इथे आपल्या लोकांची जीभ अडखळते. पण बोललेच पाहिजे. डिसेंबर १९५९ मध्ये १४ वर्षांच्या एका अपाची आदिवासी मुलीला राज्याची सीमा ओलांडून 'अनैतिक हेतूने' आणल्याच्या आरोपावरून १९१० च्या मान कायद्याखाली त्याला अटक झाली. हाच कायदा गोऱ्या बाईशी संबंध ठेवल्याबद्दल काळा मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनवर वापरला गेला होता. बेरीच्या पहिल्या खटल्यात न्यायाधीशाची भाषा इतकी वर्णद्वेषी होती की वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९६१ मध्ये दुसऱ्या खटल्यात पुन्हा दोषी ठरून त्याने जवळपास २० महिने भोगले. शहरात काळ्या-गोऱ्यांना एकत्र नाचता येईल असा क्लब चालवणारा, पैसेवाला काळा माणूस व्यवस्थेच्या डोळ्यांत खुपत होता, यात मला शंका नाही. पण ती मुलगी १४ वर्षांची होती, हेही तितकेच खरे. चाहते न्यायाधीशाचा वर्णद्वेष सांगतात आणि मुलीला विसरतात. विरोधक मुलीचे नाव घेतात आणि न्यायाधीशाला विसरतात. ती मुलगी आदिवासी, गरीब, एकटी. दोन्ही बाजूंच्या इतिहासात तिला जागा नाही.

तुरुंगात त्याने 'प्रॉमिस्ड लँड' लिहिले. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या गरीब मुलाचा तो प्रवास आहे. मार्ग नेमका बसवायला त्याने नकाशा मागितला, तर हा पळून जाईल म्हणून तुरुंगवाले कांकू करू लागले. गाण्यातला नायक रॉक हिलला वळसा घालतो आणि बर्मिंगहॅममध्ये अडकतो. मे १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सच्या बसप्रवासात जॉन लुईस यांना मारहाण झाली ती रॉक हिलला, आणि जमाव तुटून पडला तो बर्मिंगहॅमला. गाण्यात चळवळीचा एक शब्दही नाही. बेरी चळवळीचा माणूस नव्हताच. पण कोणत्या गावात बस थांबवू नये हे त्याला पुरते ठाऊक होते.

सुटल्यावर तो बदलला होता. आधी रोख पैसे हातात, मगच गिटार खांद्यावर. गावोगावचे स्वस्तातले वादक गोळा करून तो कार्यक्रम उरकायचा. पत्रकार त्याला लोभी म्हणत. ज्याला पहिल्याच गाण्यात दोन भागीदार न विचारता मिळाले, त्याने नोटा मोजून घेतल्या तर बिघडले कुठे? मात्र १९७९ मध्ये करचुकवेगिरीत पुन्हा तुरुंगवास झाला, त्याला हे स्पष्टीकरण पुरत नाही. त्याआधी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत 'जॉनी बी. गूड' हे एकमेव रॉक गाणे अंतराळात गेले होते.

१९८६ च्या ऑक्टोबरात साठी साजरी करायला बेरीने मैफल ठेवली ती त्याच फॉक्स थिएटरात. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स साथीला होता आणि पियानोवर जॉनी जॉन्सन. तोपर्यंत जॉन्सन सेंट लुईसमध्ये वृद्धांची बस चालवून पोट भरत होता. रिचर्ड्सच्या लक्षात आले की बेरीची गाणी ज्या स्वरपट्ट्यांत आहेत त्या गिटारवाल्याला सोयीच्या नाहीत, पियानोवाल्याच्या आहेत.

२००० मध्ये जॉन्सनने बेरीवर दावा लावला: कित्येक गाणी आम्ही दोघांनी मिळून बांधली, नाव मात्र एकट्याचे लागले. २००२ मध्ये न्यायालयाने मुदत टळून गेली म्हणून दावा फेटाळला. गाणी कोणाची, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. जॉन्सन २००५ मध्ये गेला, बेरी १८ मार्च २०१७ रोजी, ९० व्या वर्षी. ती गाणी वाजली की रचनाकार म्हणून आजही एकच नाव लागते.