कुणालाच पाहता येत नाही असा अंडररेटेड सिनेमा

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, किंवा जे एसटीत बसलेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथं अडखळलो तेवढं सरळ केलंय, बाकी आहे तसं ठेवलंय.

गेल्या अंगारकीला मी गावी होतो. गाव म्हणजे राजूर, भोकरदन तालुका, जिल्हा जालना. राजुरेश्वर गणपतीमुळं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून लोक पायी निघतात आणि पहाटे गावात नुसती गर्दी असते. आम्ही चार मित्र त्या गर्दीत एका टपरीवर चहा पीत होतो आणि विषय निघाला: सगळ्यात अंडररेटेड मराठी सिनेमा कोणता? एक म्हणाला 'टिंग्या'. दुसरा म्हणाला 'गाभ्रीचा पाऊस'. मी म्हणालो 'सावकारी पाश'.

"कुठल्या ॲपवर आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग तू कुठं पाहिला?"

"नाही पाहिला."

पुढची दहा मिनिटं माझी जी काय खेचली, ती इथं लिहीत नाही. पण त्या दहा मिनिटांत मला जे नीट सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

गोष्ट कोल्हापूरची आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री नावाचा एक चित्रकार, जन्म १८९०. नाटकांचे पडदे रंगवायचा, मूर्ती घडवायचा, म्हणून लोक त्याला 'पेंटर' म्हणायला लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि बाबूराव आणि त्यांचा भाऊ आनंदराव सिनेमानं झपाटले. कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून मग बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली अगदी तरुणपणी गेले. पुढं बाबूराव आणि विष्णुपंत दामले यांनी मिळून तो कॅमेरा पूर्ण केला. ना यूट्यूब ट्यूटोरियल, ना कसलं मॅन्युअल. मी बीटेक केलंय, पण लॅबमधला ऑसिलोस्कोप मला सरांनी दाखवल्याशिवाय कधी चालू करता आला नाही, हेही सांगून टाकतो. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२० चा. पुण्यात लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. मग 'सिंहगड' आला, १९२३ मध्ये. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपट धो धो चालत होते. कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरला विचारा, तो सांगेल की जे चालतंय तेच पुढं चालवा.

बाबूरावांनी १९२५ मध्ये काय काढलं? एक शेतकरी. सावकाराच्या खोट्या कागदापायी त्याची जमीन जाते. तो गाव सोडतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. बस, एवढीच कथा. देव नाही, राजा नाही, तलवार नाही. कथा ना. ह. आपट्यांची होती आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होता कंपनीत पडेल ते काम करणारा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. हेच पुढचे व्ही. शांताराम.

विषय हवेतून आलेला नव्हता, बरं का. पन्नास वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली होती. त्यांचा मुख्य राग होता कर्जाच्या कागदांवर. कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये इंग्रजांना शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे ज्या कागदावर अंगठा घेतला जातो, तो कागद महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला माहीत होता. फक्त पडद्यावर तो कुणी आणला नव्हता.

आणि चित्रपट पडला. पुराणकथा आणि इतिहासावर वाढलेल्या प्रेक्षकाला एवढं वास्तव झेपलं नाही, असं इतिहासकार लिहितात. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले.

आता इथं एक दुसरा माणूस येतो, आणि आजच्या भागाचा खरा हिरो माझ्या मते हाच आहे. जे. बी. एच. वाडिया. मुंबईतल्या वाडिया मूव्हिटोनचे मालक. 'हंटरवाली' आठवते? १९३५ चा सिनेमा. फिअरलेस नादिया, हातात चाबूक, घोडा, मारामारी. तो सिनेमा या कंपनीचा. म्हणजे 'मसाला सिनेमा' हा शब्द ज्यांच्यासाठी बनला असावा, त्यांच्यापैकी हे एक.

या वाडियांनी तरुणपणी 'सावकारी पाश'चा मूकपट पाहिला होता. आणि त्यांनी पुढं प्रामाणिकपणे कबूल केलं की तेव्हा आपण निव्वळ कुतूहल म्हणून गेलो होतो, डोक्यात अमेरिकन सिनेमे भरलेले होते, आणि तो चित्रपट आपल्याला जेमतेम आठवतो. पुढं बाबूरावांनी तीच गोष्ट बोलपट म्हणून १९३६ मध्ये पुन्हा केली. तो पाहिल्यावर वाडियांना कळलं की हा किती मोठा कलावंत आहे. त्यातली दिग्दर्शनाची कामगिरी आठवली की आपण भारावून जातो, असं त्यांनी म्हणून ठेवलंय.

गंमत बघा. शांताराम आणि वाडिया दोघांचा जन्म एकाच वर्षी, १९०१ मध्ये. एक पडद्यावर राबतोय आणि त्याच्याच वयाचा दुसरा समोर बसून कंटाळतोय. 'हंटरवाली' काढणारा माणूस आपण एक मोठा सिनेमा ओळखला नाही हे स्वतःहून सांगतो, हे मला फार आवडतं. आपण साधं स्टार रेटिंगसुद्धा बदलत नाही.

इथपर्यंत आलं की मला एकच वाटायचं: त्या काळचे प्रेक्षक मठ्ठ होते. माझं हे मत माझ्या आजोबांनी मोडलं.

आजोबा तंबूतले सिनेमे बघणारे. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, जमिनीवर बसून सिनेमा, रीळ बदलताना आरडाओरडा. मारामारी आणि देवांचे चमत्कार त्यांच्या आवडीचे. कॉलेजात असताना मी त्यांना मोठ्या उत्साहानं 'सावकारी पाश'ची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "सावकार पाह्याला तिकीट कहाला काढावं रे बाप्पा? सुगीला तो खळ्यावर येऊनच बसायचा."

मग त्यांनी आमच्या चार एकराची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी इथं निजामाचं राज्य होतं. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ नंतर मोकळा झाला. त्याआधी पणजोबांनी एका लग्नासाठी पैसे उचलले होते आणि कागदावर अंगठा दिला होता. कागद उर्दूत. घरात कुणालाच वाचता येत नव्हता. चारपैकी दोन एकर परत मिळाली, दोन गेली. ती दोन एकर आजही आमच्या बांधापलीकडेच आहेत. आजोबा शेतात गेले की त्या बाजूला पाठ करून भाकरी खायचे. मला वाटायचं ऊन टाळतायत.

म्हणजे १९२५ चा प्रेक्षक मठ्ठ होता असं आता मी म्हणत नाही. तेव्हाची थिएटरं कोल्हापूर-पुणे-मुंबईत होती हे मान्य, पण तिथं बसलेल्यांपैकी किती जणांची जमीन गावाकडं अशीच अडकली असेल? दिवसभर जे भोगायचं तेच रात्री पैसे देऊन बघायचं, हे सोपं नसतं. वाडियांना सिनेमा कळायला अकरा वर्षं आणि दुसरी आवृत्ती लागली. माझ्या आजोबांना तो न बघताच कळला होता, आणि म्हणूनच बघायचा नव्हता.

तरी तो सिनेमा वाया गेला नाही. त्यात नांगर धरणाऱ्या शांतारामांनी पुढं ना. ह. आपट्यांचीच कादंबरी घेऊन १९३७ मध्ये 'कुंकू' केला. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न मान्य न करणारी मुलगी, तीही त्या काळात. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला, जो मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. त्यातलं तुकोबांचं घर आणि जिजाई पाहा, किती खरी वाटतात. बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' १९५३ चा: जमीन वाचवायला शेतकरी शहरात येतो आणि रिक्षा ओढतो. यानं त्याच्यावरून घेतलं असं मी म्हणत नाही. पण गावातून शहरात जाणारी ती वाट पडद्यावर आधी कोल्हापूरकरांनी दाखवली होती. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा, म्हणजे मित्रानं टपरीवर सांगितलेलं नाव काही चुकीचं नव्हतं.

मग आपण मूळ मूकपट का बघू शकत नाही? कारण तो उरलाच नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, पटकन पेट घ्यायची, नाहीतर सडून जायची. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, त्यामुळं जुनी रिळं चांदी काढायला भंगारात विकली जायची. भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यातले मूठभर उरले. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, तोही गेला. सावकारानं जमीन नेली आणि भंगारवाल्यानं ती गोष्ट नेली, असा हा हिशोब.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथं पी. के. नायर नावाचे गृहस्थ होते. मूळचे केरळचे, आयुष्य गेलं पुण्यात. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे त्यांच्यामुळं आपल्याला दिसतात. सिनेमा जपणाऱ्यानं चांगलं-वाईट ठरवत बसू नये, जे मिळेल ते ठेवावं, अशी त्यांची भूमिका होती. पूर्वी मला हे विचित्र वाटायचं. कचराही ठेवायचा? पण वाडियांची गोष्ट वाचल्यावर पटलं. १९२५ मध्ये कुणी फक्त चांगलेच सिनेमे ठेवायला बसलं असतं, तर 'सावकारी पाश' पहिल्याच दिवशी बाहेर गेला असता.

आता माझी कबुली. आजोबांनी त्या दोन एकराची गोष्ट सांगितली तेव्हा मी ती फोनवर रेकॉर्ड केली होती. सत्तावीस मिनिटं. पुढं फोन हँग व्हायला लागला आणि मी तो रिसेट केला. बॅकअप घेतला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरचा बॅकअप नीट होतोय का हे बघण्याचा पगार मी घेतो. आजोबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. वर लिहिलेलं त्यांचं एक वाक्य तेवढं शब्दाला शब्द आठवतंय, बाकी सगळं माझ्या भाषेत उरलंय.

परवा टपरीवरून उठल्यावर मी आजीकडं गेलो आणि तिला तीच गोष्ट विचारली. तिची गोष्ट वेगळी निघाली. तिच्या म्हणण्याप्रमाणं पैसे लग्नासाठी उचललेच नव्हते, बैलासाठी उचलले होते. लग्न म्हणजे नंतर सांगायला बरं. यावेळी दोन ठिकाणी सेव्ह केलंय.

पुढच्या भागात ते रेकॉर्डिंग ऐकवतो. आजीनं होकार दिलाय, फक्त मधे कोंबडा ओरडतो तेवढा भाग कापू नको म्हणालीय.