चार आणे पीक

खरीप हंगाम सरत आला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते: अमुक गावांची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी. शहरात वाढलेल्या कुणाला तो भाजीचा भाव वाटेल. पण हे पैसे म्हणजे पीक. पूर्ण पीक म्हणजे रुपया, निम्मं म्हणजे पन्नास पैसे. गाव या आकड्याखाली गेलं की सवलतींची मागणी सुरू होते: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा आकडा किती लिहिला गेला, यावर बरंच काही ठरतं. हा आकडा लिहायचा कुणी, हे भांडण जुनं आहे.

मराठेशाहीत ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणायची तर रयतेला कौल दिला जाई. पहिली वर्षं सारा कमी, मग इस्ताव्यानं दरवर्षी थोडा थोडा वाढत जाणारा. इंग्रजी अंमलात हे गणित बदललं. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी पद्धत आणली: जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला रोख सारा. दर बेतानं लावला होता. तो ठरवताना चांगली-वाईट वर्षं जमेला धरलेली आहेत, त्यामुळे दरसाल सूट द्यायची गरज पडू नये, असा त्यामागचा हिशेब होता.

कागदावर हे पटतं. पण घरात धान्य सरासरीनं येत नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खन होरपळली. १८९६-९७मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’नं आणि सार्वजनिक सभेनं गावोगावच्या शेतकऱ्यांना सरकारचाच दुष्काळी कायदा समजावून सांगितला. सवलत ही भीक नाही, नियमानं मिळायची गोष्ट आहे, हे त्यातून लोकांपर्यंत पोचलं. सरकारला ते रुचलं नाही. १८९७मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता गेली.

आकड्याचं भांडण उघड्यावर आलं ते १९१८मध्ये, मुंबई इलाख्यातल्याच गुजरातच्या खेडा जिल्ह्यात. आदल्या वर्षी अतिवृष्टीनं पीक बुडालं होतं. नियम साधा होता: सोळा आण्यांपैकी पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची वसुली तहकूब. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंदाज त्याहून जास्त होता. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनीही गावांत जाऊन चौकशी केली. स्वतंत्र पंच नेमा, अशी मागणी झाली. सरकारनं ती धुडकावली.

इथे एक शब्द नीट पाहायला हवा. तहकुबी म्हणजे माफी नव्हे. माफीत सारा सुटतो. तहकुबीत तो फक्त पुढे ढकलला जातो. खेड्याचे शेतकरी सारा बुडवायला निघाले नव्हते, ते मुदत मागत होते. तेवढ्यासाठी २२ मार्चला नडियादमध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. वल्लभभाई पटेल वकिली बाजूला ठेवून त्यात उतरले. गुरं जप्त झाली, उभी पिकं जप्त झाली. चुकीनं जप्त झालेल्या शेतातला कांदा काढून नेल्याबद्दल मोहनलाल पंड्या तुरुंगात गेले आणि ‘कांदाचोर’ ही पदवी घेऊन बाहेर आले.

जूनमध्ये तडजोड झाली: ऐपत असलेल्यांनी सारा भरावा, गरिबांची वसुली तहकूब. गांधीजी मात्र समाधानी नव्हते. गरीब कोण, हे ठरवायचा हक्क लोकांना बजावताच आला नाही, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत महसुलाची तहकुबी आणि माफी, दोन्ही आहेत. २०१६च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर उपग्रहानं टिपलेली हिरवाई, जमिनीतला ओलावा, पावसातला खंड असे नवे निकष आले. मोजायची साधनं बदलली. आता आकडा मान्य नसेल, तर शेतकऱ्यानं उपग्रहाच्या चित्राशी भांडायचं कसं? खेड्यानं मागितलेला पंच अजूनही मागावाच लागतो.