खानखोजे : एका आडनावाचा वनवास

मराठी आडनावांतील फारसी अंश बहुधा दरबाराच्या दारातून आला. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. सत्तेच्या सावलीत बसून कागद सांभाळणाऱ्यांची ही नावे. (१९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, पण कोणाही शुद्धिवाद्याने फडणिसांचे आडनाव बदलल्याचे ऐकिवात नाही.) वर्ध्याच्या एका आडनावाची गती मात्र उलट झाली.

‘खानखोजे’ यातील ‘खान’ मुळात तुर्की, फारसीमार्गे आपल्याकडे रुळलेला. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण वर्ध्यात झाले. टिळकांच्या प्रभावाने ते देशाबाहेर पडले, अमेरिकेत लष्करी शिक्षण आणि शेतकीशास्त्र दोन्ही शिकले आणि गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात ते थेट इराणात उतरले. इंग्रजांविरुद्ध सशस्त्र तुकड्या उभारण्याच्या त्या खटपटीत सूफी अंबाप्रसाद त्यांचे सहकारी होते. शिराझमध्ये इंग्रजांच्या हाती सापडून सूफींचा अंत झाला. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि वेष पालटून त्याच मुलखात वावरले. ज्या भाषेतला शब्द त्यांच्या आडनावात पिढ्यान्‌पिढ्या होता, तिच्याच प्रदेशात त्यांना आपले नाव लपवावे लागले!

१९२४ नंतर मेक्सिको हे त्यांचे आश्रयस्थान ठरले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना भाकरीच्या पंगतीत बसविले. बंदूक सुटली, पण विरोधकाचा शिक्का सुटला नाही. स्वातंत्र्यानंतर मायदेशी येऊ पाहणाऱ्या या माणसाला इंग्रजी अमदानीतील बंदीमुळे आधी नकारच मिळाला! पुढे तो निर्णय फिरला आणि १९५५ मध्ये ते कायमचे परतले. १९६७ साली नागपूरला त्यांचे निधन झाले.

वर्धा म्हटले की सेवाग्राम आठवते, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हा या जिल्ह्याचा एक मुलगा परदेशात तीन दशकांच्या आसपास काढून चुकला होता. आपल्या स्थानिक इतिहासलेखनाने आश्रमाची दिनचर्या तपशिलाने नोंदवली. खानखोज्यांच्या वाट्याला मात्र बहुधा एखादा परिच्छेद येतो, तोही ‘परदेशातील क्रांतिकारक’ या सदराखाली. त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये, चापिंगोला.