लिम्फेडिमा-मापन, मोबाइल स्कॅनरद्वारे

लसिकावाहिन्यांतून वाहून जायला हवा असा प्रथिनयुक्त द्रव ऊतींमध्ये साचून हात किंवा पाय दीर्घकाळ सुजून राहण्याच्या विकारास लिम्फेडिमा म्हणतात. विदर्भात हा विकार डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगामुळे परिचित आहे. चंडीगड हत्तीरोगप्रवण प्रदेशात मोडत नसल्याने तेथे तो बहुधा कर्करोगाच्या उपचारानंतर, विशेषतः स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसिकागाठी काढल्यावर किंवा तेथे किरणोपचार दिल्यावर, आढळतो. १९६२ साली स्थापन झालेल्या तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत (पीजीआय) पंजाब, हरियाणा आणि हिमाचलातूनही रुग्ण येतात. अशा दूरच्या रुग्णाची सूज गावाजवळ आणि तरीही विश्वासार्हपणे मोजता येणे, हेच मोबाइल स्कॅनिंगचे खरे महत्त्व होय.

पाण्याने काठोकाठ भरलेल्या भांड्यात अवयव बुडवून बाहेर सांडलेले पाणी मोजण्याची रीत अचूक मानली जाते, परंतु ती वेळखाऊ आहे आणि त्वचेवर जखम असल्यास वापरता येत नाही. मोजपट्टीने ठरावीक अंतरांवर घेर घेऊन, प्रत्येक तुकडा टोक कापलेल्या शंकूसारखा आहे असे धरून, घनफळ काढता येते. मात्र पट्टी किती आवळली यावर आकडा बदलतो. दोन्ही हातांच्या घेरांत २ सेंमी किंवा घनफळांत १० टक्के फरक हा लिम्फेडिमा ठरवण्याचा प्रचलित निकष असल्याने एवढीशी चूकही निदान फिरवू शकते.

स्कॅनर अवयवावर अवरक्त प्रकाश टाकतो, परतलेल्या प्रकाशावरून पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंचे अंतर काढतो आणि त्यांतून त्रिमितीय प्रतिमा रचून घेर व घनफळ देतो. अमेरिकेत विकसित झालेली लिम्फाटेक ही अशी प्रणाली श्रीलंकेतील गॉल येथे हत्तीरोगाच्या रुग्णांवर तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिची मापे पाण्याच्या व पट्टीच्या मापांशी चांगली जुळली, आणि वेळही बराच कमी लागला. २०२० पासून काही आयपॅड आणि आयफोनमध्ये लेसर-अंतरमापक, म्हणजे लायडार, बसवला जाऊ लागल्याने वेगळ्या उपकरणाची गरजही कमी झाली आहे.

तरीही स्कॅनरला फक्त बाह्य आकार कळतो. जुन्या सुजेत द्रवाची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात, तो फरक हाताने दाबून किंवा विद्युत-अवरोध मापनाने पाहावा लागतो. शिवाय कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांचे माप घेऊन ठेवलेले नसेल, तर नंतरच्या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड जाते.